कोण कोणाला न्यायला आलं

पेडगावहून परतल्यापासून शेजारच्या बायका विचारतात, "मग, काय काय पाहिलंत परभणीकडे?" मी हुरडा सांगते, काळी जमीन सांगते, सकाळची थंडी सांगते. पण गेले होते कशासाठी, असं कोणी विचारलं की माझी गडबड होते. घरून निघताना ते मला अगदी पक्कं ठाऊक होतं. परतताना नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं लिहून काढते आहे. लिहिता लिहिता उमगलं तर बरंच.

मी चिपळूणची. बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माझे यजमान यशवंत मूळचे पेडगावचे. नोकरीच्या निमित्ताने कोकणात आले आणि इथलेच होऊन गेले. त्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं. त्यांची थोरली बहीण, आमच्या आक्का, पेडगावात एकट्याच राहतात. वय सत्तरीच्या पुढे. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. माहेरी परत येऊन त्यांनी अंगणवाडीत जन्म काढला. यशवंत गेल्यावर मी त्यांना नेमाने फोन करू लागले. एकट्या बाईची चौकशी करणारं आता माझ्याशिवाय कोण आहे, असं मनात.

पौषाच्या सुरुवातीला आक्कांनी स्वतःहून फोन केला. "सुमन, आता येकटीनं न्हाई जमायचं. तू ये इकडं. मंग बघू." एवढंच बोलल्या आणि फोन ठेवला.

तीस वर्षांत त्या बाईने कधी काही मागितलं नव्हतं. मी घाबरले. पुण्याला मुलीला कळवलं, तर ती म्हणाली, "आत्याला घेऊनच ये आई." मी खालच्या खोलीत पलंग लावला, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला आणि आक्कांचे कपडे आणायला एक मोठी बॅग रिकामीच बरोबर घेतली. गाड्या बदलत कशी पोचले ते सांगत बसत नाही. पोचले, एवढं खरं.

सोमवार, परभणी

ज्यांना आता जमत नव्हतं त्या आक्का सकाळच्या कडाक्याच्या थंडीत स्टेशनावर मला घ्यायला आल्या होत्या. नऊवारी, डोक्याला शाल, पायात कॅनव्हासचे बूट. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या हातातली मोठी बॅग उचलली आणि थबकल्या.

"येवढी मोठी बॅग, आन हलकी कशी गं?"

स्टेशनावर कुठे विषय काढायचा? मी म्हणाले, "जाताना काही न्यायचं असलं तर असावी म्हणून."

"हुरडा न्ह्याचाय व्हय? न्हे की, लय हाय."

रिक्षातून पेडगावला जाताना मी बाहेर बघत होते. चिपळुणात कुठेही उभं राहा, नजर डोंगराला जाऊन अडते. इथे नजरेला अडायला काहीच नाही. ज्वारी, तूर, वेचणी होऊन गेलेल्या कापसाच्या उभ्या पळाट्या, आणि पुन्हा ज्वारी. या जमिनीबद्दल मी बत्तीस वर्षं मुलांना सांगत आले, पण इतका वेळ न अडता बघितल्यावर मला जरा भोवळल्यासारखं झालं.

आक्कांचं घर दोन खोल्यांचं, सिमेंटचं. त्यातल्या एका खोलीला नुकताच चुना दिलेला होता. नवी कॉट, नवी चादर. मागच्या बाजूला संडासात खुर्चीसारखं बसायचं भांडं बसवलेलं, तेही नवं कोरं. म्हणजे गुडघे गेले.

"आक्का, पाय फार दुखतात का?"

"कुनाचे?"

"तुमचे."

"दुखतेत की. तुझे न्हाईत दुखत?"

असं म्हणून त्या चुलीपुढे उकिडव्या बसल्या, पाच भाकरी थापल्या आणि जमिनीला हात न लावता उठल्या. मला काही कळेना. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. येसर म्हणजे भाजून दळलेलं धान्य आणि मसाला. त्याने आमटीला असा दाटपणा येतो की आमचं नारळाचं वाटण आठवावं, पण चव अगदी वेगळी, खमंग. मी सवयीने शेवटी भात येईल म्हणून पोटात जागा ठेवली. भात आलाच नाही. तशीच जागा ठेवून उठले.

मंगळवार, पेडगाव

दुपारी आक्कांच्या दारात ऊन येतं आणि उन्हाबरोबर दोघी बहिणी येतात. थोरली पद्मीणबाई, धाकटी गयाबाई. दोघी एकाच गावात दिलेल्या. गयाबाईंच्या घरी चांगली शेती, दोन मुलगे, सुना. पद्मीणबाईंची दोन एकर. मुलगे पुण्याकडे कंपनीत, मालक वारलेले, त्या एकट्या. तिघी सूप घेऊन तूर निवडत होत्या. मलाही एक सूप मिळालं.

आक्कांना न्यायचा विषय काढायला वाट करावी म्हणून मी विचारलं, "म्हातारपणात अवघड काय वाटतं हो तुम्हाला?"

तिघी एकमेकींकडे बघून हसल्या.

"आवं मास्तरीणबाई, परीक्षा घ्यायलात का?" गयाबाई म्हणाल्या. मग सूप खाली ठेवून त्यांनी दोन्ही पाय पुढे लांब केले. "हे बगा. चाळीस वर्सं सासऱ्यापुढं, मालकापुढं पाय पसरून बसले न्हाई. आता कुनापुढं बी पसरते. सून बी काय म्हणत न्हाई. लय खुशी वाटतीय."

"मी अवघड काय ते विचारलं."

"ते बी हेच. पसरलेले लवकर गोळा व्हत न्हाईत."

पद्मीणबाई हळू बोलणाऱ्या. "मला भाकरीचं वाटतंय," त्या म्हणाल्या. "जलमभर सगळ्यांचं झाल्यावर खाल्ली, गार. आता तव्यावरची पहिली भाकर मीच खाते. ऊन-ऊन. पहिल्या दिशी खाल्ली तवा रडू आलं."

"आनंदानं?"

"ठावं न्हाई. दुसरं कुनी खायला नव्हतं म्हून बी आसंल."

गयाबाईंनी मला सल्ला दिला की संसाराच्या चाव्या वेळेवर सुनेच्या हातात द्याव्यात, मन हलकं होतं. पद्मीणबाई म्हणाल्या, अजिबात देऊ नये, चावी गेली की माणूस घरात पाहुणा होतो. थोड्या वेळाने गयाबाई सांगू लागल्या की चाव्या दिल्यापासून साखरेचा डबा कुठे असतो ते त्यांना विचारावं लागतं आणि लाज वाटते. आणि पद्मीणबाई म्हणाल्या, चावी सांभाळून तरी काय, कपाटात आहे काय? मी कोणाचं म्हणणं धरून ठेवावं? मी आक्कांकडे बघितलं, तर त्या माझ्या सुपाकडे बघत होत्या. मी निवडलेली तूर आणि खडे परत एकत्र केले होते.

बुधवार, मानवत

गयाबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ते दाखवायला मानवतला जायचं होतं, तर आम्ही चौघीही निघालो. एसटीत कंडक्टर बाई होत्या. त्यांनी गयाबाईंचं कार्ड बघितलं आणि पंचाहत्तरीच्या पुढचं म्हणून फुकट जाऊ दिलं. पद्मीणबाईंच्या कार्डावर वय एकोणसत्तर. त्यांना अर्धं तिकीट.

"आवं, थोरली मी हाय!" पद्मीणबाई म्हणाल्या. "हिला कडंवर घेऊन खेळवलंय मी."

"मावशी, मग कार्डावर कमी कसं?"

पद्मीणबाई लाजल्या. खरंच लाजल्या, पदर तोंडाला लावून. "कार्ड काडलं तवा मालक पुढं उभे व्हते. त्यांनी आपली उमर कमी सांगितली. मंग मी त्यांच्याहून थोरली कशी सांगू? मी बी कमी केली."

सगळी एसटी हसली. मीही हसले, पण मनात हिशेब करत राहिले. खरं वय किती असेल यांचं? त्यांनाही माहीत नव्हतं. "मोठा दुस्काळ पडला तवा माझा थोरला पोटात व्हता," एवढाच त्यांचा पुरावा.

डॉक्टरांनी गयाबाईंच्या डोळ्यात औषध घातलं, काळा चष्मा दिला. परत स्टँडवर आलो तेव्हा दुपार कलली होती. तिघी बाकावर बसल्या आणि मी पाण्याची बाटली आणायला गेले. परतताना समोर एसटी लागली. पाटीवर पहिलाच शब्द परभणी. पेडगावचा फाटा त्याच वाटेवर. गर्दी बघून मी जागा धरायला आधी घुसले. तिघी मागून चढल्या असतील असं वाटलं. मला असं का वाटलं, ते मला अजूनही सांगता येत नाही.

गाडी सुटली. ऊन थेट तोंडावर येत होतं. दुपारी तीन-चारनंतर पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत ऊन पाठीवर हवं, हे मी किती वर्षं फळ्यावर सूर्य काढून शिकवलं असेल. तरी मी बराच वेळ डोळ्यावर पदर धरून बसून राहिले. शेवटी वळून बघितलं, तर ओळखीचा एकही चेहरा नव्हता. पाटी 'परभणी–पाथरी' होती. गाडी परभणीहून येऊन उलट्या दिशेला, पाथरीला चालली होती.

पुढच्या फाट्यावर उतरले. एक बंद टपरी, एक बाभूळ, दोन्ही बाजूंना पळाट्या. वाटेने सायकलवरून जाणाऱ्या एका माणसाने विचारलं, "कुठं जायचंय मावशी?" आणि मला गावाचं नाव आठवेना. घर दिसत होतं, चुना दिलेली खोली दिसत होती, नाव नाही. "थांबलेय," एवढं म्हणाले. तो गेला. मी फोन काढला आणि सरळ यशवंतांचा नंबर लावला.

हा नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई सांगू लागली. मी तिचं सगळं ऐकून घेतलं, मग लावलेला नंबर पुन्हा वाचला.

तेवढ्यात आक्कांचाच फोन आला. मी पाथरीची गाडी, बाभूळ आणि बंद टपरी सांगितली. "आजिबात हालू नको तिथून," त्या म्हणाल्या.

पाऊण तासाने एक रिक्षा आली. त्यात मागे तिघी दाटीवाटीने बसलेल्या, गयाबाई काळ्या चष्म्यात. आक्का उतरल्या. मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, पाणी पाजलं आणि मग आवाज चढवला.

"हेच म्हणलं व्हतं मी फोनवर. येकटीनं न्हाई जमायचं!"

"तुम्हाला ना?"

"मला? मला काय झालंय? तुला म्हणलं मी, तुला!"

मी टपरीच्या फळीवर बसले. आक्का बोलतच होत्या. "दिवसातून तीन-तीन डाव फोन करतीस. सकाळी इचारलेलं दुपारी इचारतीस. मागल्या म्हैन्यात तर यशवंत तिकडं आलाय का, आसं इचारलंस मला. मी रातभर डोळ्याला डोळा लावला न्हाई. मंग खोलीला चुना दिला, तुझ्या गुडघ्यासाठी खुर्चीचा संडास बसवून घेतला. कोकणातल्या बायांचे गुडघे चढ-उतारानं जातेत म्हणतेत."

असं काही विचारल्याचं मला आठवत नव्हतं. दिवसातून एकदाच फोन करते, अशी माझी समजूत होती.

"आवं आक्का, दुःखात माणूस आसंच करतंय," गयाबाई रिक्षातूनच म्हणाल्या. "मालक गेले तवा मी दोन वर्सं दोन मानसांचा चहा टाकायची."

"तसं न्हाई गया," पद्मीणबाई म्हणाल्या. "डॉक्टरला दाखवावं. दुःख हाय का आणखी काय, ते आपल्याला काय कळतंय?"

मला एकदम राग आला. कोणावर ते कळलं नाही. "मी तुम्हाला न्यायला आलेय," मी ओरडले. "ती बॅग हुरड्यासाठी नाही, तुमच्या लुगड्यांसाठी आहे! न्हाणीघरात दांडा बसवलाय मी तुमच्यासाठी!"

रिक्षातून पद्मीणबाईंचं हसू ऐकू आलं, आणि त्यांना थांबवता थांबवता गयाबाईही हसू लागल्या. आक्का हसल्या नाहीत. मीही नाही. परतीच्या वाटेवर आम्ही दोघी दोन बाजूंना तोंड करून बसलो.

शुक्रवार, पद्मीणबाईंच्या शेतात

गुरुवार अबोल्यात गेला. आक्कांनी धपाटे केले, वर दह्याची वाटी ठेवली. मी खाल्ले. "आणखी देऊ का?" "नको." एवढंच दिवसभराचं बोलणं.

शुक्रवारी सकाळी हुरड्याला गेलो. गोवऱ्यांच्या आरात कोवळी कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, गरम-गरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. माझे तळहात पोळले. पद्मीणबाई मात्र सहज चोळत होत्या. "हाताचं कातडं जाड झालंय, बाकी समदं पातळ व्हायलंय," म्हणाल्या. दोघी बहिणी कणसं मोडायला आत गेल्या आणि आक्का आणि मी आराजवळ राहिलो.

त्या काडीने राख उकरत होत्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "मी फोनवर बोलले ते तुझ्यासाठीच. देवाशपथ. पण फोन ठिवला आन वाटलं, ही मलाच न्यायला आली तर? येडीवाणी पेटी उघडली. कोणती लुगडी न्ह्याची ते काडून बी बघितलं."

"मग?"

"मंग परत घडी घालून ठिवली."

"का?"

"तुमच्याकडं दाराला दार न्हाई गं. यशवंताच्या दिवसाला आले व्हते तवा बघितलं. घर हितं, दुसरं घर झाडाच्या पल्याड. मी न्हाणीत पडले, हाक मारली, तर कोन ऐकंल? हितं खोकला आला तरी गया इचारती. मरायचं भ्या वाटत न्हाई मला. पडून ऱ्हायचं वाटतंय."

मी म्हणाले, "मलाही तेच वाटतं." मग जे कोणालाच, मुलीलाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. फाट्यावर गावाचं नाव आठवलं नव्हतं, आणि फोन कोणाला लावला होता.

आक्कांनी माझा पोळलेला हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

दोघी परत आल्यावर गयाबाईंनी आमचे चेहरे बघितले. "मिटलं व्हय? मंग कोन कुनाकडं?"

तेव्हा आतला भूगोल कुठूनतरी जागा झाला. मी म्हणाले, "परभणीचा उन्हाळा आक्कांना सोसत नाही. आमचा पाऊस मला एकटीला सोसवत नाही, चार महिने घराबाहेर पडता येत नाही. उन्हाळ्यात त्या तिकडे. पावसाळ्यात मी इकडे."

"आन हिवाळ्यात?" पद्मीणबाईंनी विचारलं.

मी आरात आणखी एक कणीस ठेवलं.

हे लिहिताना फाल्गुन चालू आहे. आक्कांचं तिकीट काढलंय. पद्मीणबाईही येणार म्हणतात, पण रोज मत बदलतात. मुलीने मला पुण्याला नेऊन तपासण्या करवल्या. डॉक्टर म्हणाले, आताच नक्की काही सांगता येत नाही, दुःखामुळेही असं होतं, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. म्हणजे गयाबाईही बरोबर आणि पद्मीणबाईही. सकाळी आक्कांशी बोलणं झालं की आता मी कॅलेंडरवर खूण करते. कधी कधी दुपारी जाऊन बघते तर तिथे दोन खुणा असतात.

शनिवार, पेडगावचा फाटा

निघायच्या दिवशी तिघीही फाट्यापर्यंत आल्या. धुकं पुरतं विरलं नव्हतं. परभणीकडे जाणारी एसटी लांबून दिसली तशी मी आक्कांच्या पाया पडायला वाकले. वाकले ती गुडघ्यावरच बसले, आणि उजवा गुडघा असा धरला की उठता येईना. आक्का मला उठवायला वाकल्या. दोन्ही हात धरून त्यांनी जोर लावला, मी जोर लावला, आणि त्यांचा तोल जाऊन त्या माझ्या शेजारीच धप्पकन बसल्या. रस्त्याच्या कडेला, मातीत.

"लागलं का?"

"न्हाई. तुला?"

"नाही."

आणि मग आक्का हसायला लागल्या. बुधवारच्या भांडणानंतर पहिल्यांदा. त्यांचं हसू यशवंतांसारखं आहे, आधी आवाज नाही, नुसते खांदे हलतात, हे मी तीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं. मलाही आवरेना. गयाबाई एका हाताने चष्मा सावरत दुसरा हात आमच्याकडे करत होत्या, पण तो भलतीकडेच जात होता. पद्मीणबाई आधी मला धरावं की आक्कांना, अशा मध्येच उभ्या.

एसटी समोर येऊन थांबली. कंडक्टर दारातून वाकला. खाली मातीत बसलेल्या, हसून डोळ्यांत पाणी आलेल्या दोन म्हाताऱ्या त्याने बघितल्या आणि विचारलं, "मावशी, दोघीतलं कोन जायलंय?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. खरंच, क्षणभर दोघींनाही सांगता आलं नाही. मग मी हात वर केला.